पेन्सिल सेलही ‘टाइप-सी’ झाले, मग चार्जर कोणता घ्यायचा?

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नवे मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी पोर्ट सक्तीचा झाला. आपल्याकडेही बीआयएसने टाइप-सीचं मानक २०२३ मध्ये जाहीर केलं. ‘एकच केबल, सगळ्यांना चालते’ ही सवय आता आपल्या अंगवळणी पडली आहे आणि ऑनलाइन बाजारात चक्क पेन्सिल सेलच्या अंगावरही टाइप-सीचं छिद्र दिसू लागलंय. साहजिकच वाचक मला विचारतात, की आता सेलसाठी वेगळा चार्जर घ्यायची गरज उरली आहे का?

माझ्या मते हे छिद्रावरून ठरत नाही. सेलच्या पोटात काय आहे, त्यावरून ठरतं.

बाजारात सध्या रिचार्जेबल पेन्सिल सेल मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला जुनाजाणता निकेल-मेटल हायड्राइड, १.२ व्होल्टचा. दुसरा नवा लिथियम, ज्यावर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याच्या आत साधारण ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं. दोन्ही दिसायला सारखेच, पण चार्ज होण्याची रीत पूर्ण वेगळी. निकेलच्या चार्जरमध्ये लिथियम घालू नका आणि लिथियमच्या चार्जरमध्ये निकेल तर मुळीच नको. तिथे सेल तापून फुटण्याचा धोका असतो. घरात दोन्ही प्रकार असतील तर डबे वेगळे ठेवा.

आता आकड्यांकडे बघू. लिथियम सेलवर मोठ्या अक्षरात ३००० छापलेलं दिसतं आणि शेजारच्या निकेल सेलवर २०००. आपण अर्थातच ३००० उचलतो. पण नीट वाचलंत तर पहिला आकडा बहुधा एमडब्ल्यूएचमध्ये असतो आणि दुसरा एमएएचमध्ये. ३००० ला १.५ ने भागा, २००० एमएएचच येतात. उलट निकेलच्या २००० ला १.२ ने गुणा, २४०० एमडब्ल्यूएच होतात. म्हणजे फरक आहे, पण दीडपट नाही, सव्वापट. आणि निकेलच्या डबल ए सेलवर कुणी ३५०० किंवा ४००० एमएएच छापलं असेल, तर तो सेल दुकानातच राहू द्या. या आकारात तेवढी क्षमता बसत नाही.

बीपी मशीन, कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांची खेळणी अशा रोजच्या वापरासाठी मी आजही निकेलच सुचवेन. पण खरा पैसा वाचवतो किंवा घालवतो तो चार्जर. स्वस्त चार्जर ठरावीक करंट सोडत राहतो, सेल भरला की नाही हे त्याला कळतच नाही. शिवाय त्यात सेल जोडीने चार्ज होतात. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तर पहिला उगाच तापत राहतो. असं वारंवार झालं की शेकडो वेळा चालायला हवा तो सेल लवकरच मान टाकतो. मग आपण म्हणतो, “रिचार्जेबल सेल टिकतच नाहीत!”

चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्र बघतो. निकेल सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टनी खाली येतं. ही खूण ओळखून तो चार्जिंग थांबवतो. म्हणून घेताना एवढं तपासा:

– प्रत्येक खणाला वेगळा दिवा किंवा आकडा आहे का? एक किंवा तीन सेलही चार्ज होतात का?
– आपोआप बंद होतो, असं स्पष्ट लिहिलंय का?
– करंट किती? २००० एमएएचच्या सेलला ५०० एमए असेल तर साधारण पाच तास लागतात. २०० एमए असेल तर बारा तासांची तयारी ठेवा.
– कोणत्या प्रकारच्या सेलसाठी आहे? हे लिहिलेलंच नसेल तर घेऊ नका.

अशा चार्जरला मागे टाइप-सी पोर्ट असेल तर उत्तमच. टाइप-सी हा फक्त वीज आत येण्याचा दरवाजा आहे. आत कारभार कसा चालतो, ते त्यावरून कळत नाही.

इथे धोरणाचाही मुद्दा येतो. २००१ चे नियम लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत हे छोटे सेलही आले आणि वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. पाऊल चांगलंच आहे. पण या नियमांचा भर बॅटरी संपल्यानंतरच्या प्रवासावर आहे. ती अकाली संपते ती बऱ्याचदा घरातल्या चार्जरमध्ये. ‘हा चार्जर आपोआप थांबतो की नाही’ एवढी एक ओळ खोक्यावर ठळक छापायची सक्ती झाली, तरी कचरा मुळातच कमी होईल असं मला वाटतं.

तोवर ती ओळ आपणच शोधायची. आणि हो, भिंतीवरच्या घड्याळाला रिचार्जेबल सेलची गरज नाही. त्याला वीज इतकी कमी लागते, की साधा सेलही सहज वर्षभर चालतो.