जुळ्यांची वही

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. लेकीच्या सोनोग्राफीला मी बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दोन आहेत." जावई हसला, लेक रडली आणि बत्तीस वर्षं बँकेत काढलेली मी मनातल्या मनात सगळ्याला दोनाने गुणू लागले. दुपटी, लंगोट, पाळणे, जागरणं, हॉस्पिटलचं बिल. घरी येऊन आईला फोन केला. ती "बरं" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. का, ते मला ठाऊक होतं.

१९६५ साली आईला जुळं झालं होतं. मुलगा आणि मुलगी. मी तेव्हा सहा वर्षांची. बाळंतपण तालुक्याच्या गावी, घरीच, सुईणीच्या हातून झालं. मुलगी अगदी एवढीशी होती. एका आईच्या दुधावर दोघं कशी निभावणार, असं घरातल्या जाणत्या बायकांना वाटलं आणि वाटणी झाली. मुलाला आईचं दूध. मुलीला बोंडल्याने गाईचं, निम्मं पाणी घालून. मुलीला जुलाब लागले आणि अडीच महिन्यांची असताना ती गेली. घरात कुणी दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आजी त्या मुलीला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची. पण दूध पुरणार नाही हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं आणि मग कुणाला कमी द्यायचं, हे वेगळं ठरवावं लागलंच नाही.

आपल्याकडे जुळ्यांचं कौतुक पुराणापासून आहे. लव-कुश आहेत, नकुल-सहदेव आहेत, अश्विनीकुमार तर देवांचे वैद्यच. तरीही गर्भारशीला जोडकेळं खाऊ देत नाहीत. कौतुक लांबून आणि धास्ती जवळून, असा हा प्रकार. केळ्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. एकाच वेळी दोन बीजं फळली की द्विबीज जुळी होतात. ती एरवीच्या भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी असतात. एकच फळलेलं बीज दुभंगलं तर एकबीज जुळी. साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एक जुळं, असा जुना ठोकताळा आहे, आणि वंध्यत्वावरच्या उपचारांनंतर हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी वाढलं आहे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही नावाचं गाव आहे, तिथे जुळी इतकी की शास्त्रज्ञ जाऊन जाऊन दमले. पक्कं कारण हाती आलेलं नाही.

पण घरच्यांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वार एक की दोन? तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, हे सगळ्यात स्वच्छ कळतं. पुढे कळणं अवघड होत जातं. दोघांची वार एकच असेल तर एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळण्याचा धोका असतो. एक बाळ सुकतं, दुसऱ्यावर भार पडतो. म्हणून अशा गरोदरपणात सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करतात. वारा दोन असतील तर महिन्याने चालतं. आमच्याकडे दोन होत्या. "इतक्या सोनोग्राफ्या कशाला, पैसे काढायची कामं," असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा आणि तपासणीला जावं.

जुळ्यांच्या आईला 'दोघांचं खा, तिघांचं खा' म्हणून तूप-साखर चेपण्यात अर्थ नाही. तिला रक्त लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवतींपैकी निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, रक्तक्षयी निघाल्या. ही आकडेवारी सगळ्याच गर्भवतींची. जुळ्यांच्या आईवर तर दुहेरी ओढ. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातही लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी फुकट मिळते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की अर्धी वाया जाते. माझी लेक, शिकलेली मुलगी, दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकून वर चहा घेत होती. आम्ही मग लोहाची गोळी दुपारी, लिंबू पिळलेल्या मटकीच्या उसळीच्या जेवणानंतर ठेवली.

दुसरी तयारी ठिकाणाची. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात. तेव्हा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय सातव्या महिन्यातच बघून ठेवावं, रात्री गाडी कुणाची हेही ठरवून ठेवावं. वेळेआधी कळा आल्या तर बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग व्हायला काही तास मिळावे लागतात. 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य इथे चालत नाही. डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, पाणी जाणं, बाळांची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर घड्याळ न बघता निघायचं.

आम्ही निघालो ते जानेवारीतल्या एका पहाटे. चौतीस आठवडे पुरे होऊन दोन दिवस झाले होते. मुलगा २१४० ग्रॅम, मुलगी १७२० ग्रॅम. काचेपलीकडे तिला बघताना मला १९६५ ची खोली आठवली, आणि शेगडीचा धूरही.

बाळ-बाळंतिणीच्या खोलीत धुरी द्यायची, दारं-खिडक्या बंद करायच्या, हे कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. त्यांना ऊब हवी, धूर नको. ऊब आईच्या छातीवर मिळते. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी काचपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी उभी बांधायला सुरुवात केली. गरिबीतून निघालेला हा उपाय श्रीमंतांच्या रुग्णालयांतही गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा बाळांना दिवसाचे आठ ते चोवीस तास असं छातीशी धरावं अशी शिफारस केली. आठ तास एका बाईने दोन बाळांना? म्हणून बाप हवा. आमचे जावईबापू शर्ट काढून लेकीला छातीशी बांधून बसत, वर शाल. विहीणबाई पहिल्या दिवशी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या, "अहो विहीणबाई, दुपारी मी धरू का तिला?"

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिलं आहे की गावातल्याच शिकवलेल्या बायका घरी जाऊन ऊब, दूध आणि जंतुसंसर्ग एवढ्यांकडे नीट लक्ष देतात तेव्हा काय होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा जो अभ्यास आला त्यात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. आज आशाताई बाळाच्या घरी येतात ती वाट तिथूनच निघाली. त्यांना दारातून 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवू नका. वजनकाटा त्यांच्या पिशवीत असतो.

आता दूध. पुरतं. जेवढं ओढलं जातं तेवढं बनतं; दोघं ओढतात तर दोघांपुरतं बनतं. पहिल्या दिवसांत नाजूक बाळाला ओढायची ताकद नसते, तेव्हा दूध काढून पाजायचं, आणि गंमत म्हणजे बोंडल्यानेच. हॉस्पिटलात त्याला 'पलाडाई' म्हणतात एवढंच. भांडं तेच, आत आईचं दूध, आणि प्रत्येक वेळी उकळून घेतलेलं. फरक एवढाच, आणि केवढा! काही दिवस आईचं अगदीच आलं नाही तर दुसऱ्या मातांचं तपासलेलं दूध मिळण्याची सोय असते. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी काढली. बँकेतल्या माणसाला पेढी हा शब्द तिथे फार शोभून दिसतो. घुटी, मध, साखरपाणी, काजळ यांतलं काही द्यायचं नाही. मध तर वर्षाच्या आत एक बोटही नको.

मुलं घरी आली तेव्हा मी लांब पानांची एक वही घातली. डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी. दूध किती वाजता, किती वेळ, शू, शी, आठवड्याचं वजन, ड जीवनसत्त्वाचे थेंब, पुढे सुरू झालेले लोहाचे थेंब. हिशेबाची सवय, दुसरं काय. पण जुळ्यांच्या घरात वही लागतेच. तिसऱ्या रात्री कुणाला औषध दिलं आणि कुणाला दोनदा दिलं, हे झोपेने मेलेल्या माणसाला सांगता येत नाही. आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी ओले लंगोट दिसले की दूध पोचतंय असं समजायचं.

रात्री बारा ते चार माझी पाळी. अकराव्या रात्री सहज पानं चाळली. माझ्या पाळीतली तेहतीस पाजणी झाली होती. त्यांत सव्वीस वेळा मुलगा आधी. आईजवळ त्याला दिला की तो पोटभर ओढायचा. मग दमलेली लेक मुलीसाठी दूध काढायची, ते साहजिकच कमी निघायचं, आणि कधी कधी ती तशीच झोपलेली राहायची. "झोपलीये तर झोपू दे, शहाणी आहे," हे वाक्य माझंच. तो ओरडायचा, ती ओरडत नव्हती. जिच्यात ओरडायची ताकद नाही तिलाच आधी आणि दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायला हवं, हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मुलगा-मुलगी भेदावर कादंबरी लिहिलेल्या बाईची ही नोंद, तिच्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मी ते पान सगळ्यांना दाखवलं. कुणी काही बोललं नाही. त्या रात्रीपासून मुलीला आधी, आणि ती नीट ओढायला लागल्यावर दोघांना एकदम: दोन्ही बगलांत दोन उश्या, बाळांचे पाय मागच्या बाजूला. नर्सने शिकवलं, दोन दिवसांत जमलं.

आणखी एक गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. वेळेत सापडलं तर दृष्टी वाचते. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर हे बारीक अक्षरात होतं. तोंडी कुणी सांगितलं नाही. सव्विसाव्या दिवशी मी कागद पुन्हा वाचला म्हणून गेलो. आपल्याकडची मोठी मोठी रुग्णालयं एवढं वाक्य मोठ्या टाइपात का छापत नाहीत?

लसी मात्र जन्मतारखेनेच. मान धरणं, हसणं, पालथं पडणं मोजताना जितके आठवडे लवकर आली तितके वजा करायचे. नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून आई उगाच खंगते. त्याहून वाईट तुलना या दोघांची एकमेकांशी. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "यातलं मोठं कोण?" 'मोठं' म्हणजे वजनाने. ज्याचं त्याचं वजन ज्याच्या त्याच्या मागच्या आठवड्याशी ताडायचं, एवढंच वही सांगते.

नोकरीचं म्हणाल तर २०१७ सालच्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पण बाळ एक असो की दोन, सव्वीसच. बाप किती दिवस घरी, यावर खासगी नोकऱ्यांत तर सारा मालकाच्या मर्जीचा कारभार. बँकेत मी रजेचे शेकडो अर्ज पाहिले आहेत. लग्नाला, तीर्थयात्रेला, घर बांधायला रजा मागणारे पुरुष पाहिले. जुळं झालं म्हणून महिनाभर मागणारा एकही नाही. मागितली असती तर मी तरी दिली असती का, कोण जाणे. आमच्या जावयाने बिनपगारी घेतली.

जुलैमध्ये आईला आणलं. पंच्याऐंशीला टेकलेली, दिसतं कमी. सहा महिन्यांची मुलगी मांडीवर दिली, ५९०० ग्रॅमची. आईने तिची बोटं मोजल्यासारखी चाचपली, पायाचे तळवे चाचपले. मग वहीकडे हात करून म्हणाली, "वाच बघू. आज हिला आधी पाजलं का?"

मी वाचून दाखवलं.