क्लबचा सातबारा कुणाच्या नावे?

पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये बंद पडला. इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीने घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादचाही गाशा गुंडाळला गेला. संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नाव झाले स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याहून हैदराबादला जाणारी एक रेल्वेगाडी लातूर, बीदर करत जाते. फुटबॉलची ही जागाही तशीच आपल्या दारावरून गेली, पण आपल्याला पत्ता लागला नाही. लातूरची पोरे शिकायला पुण्यात, नांदेडची माणसे दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला हैदराबादेत. मराठवाड्याला स्वतःचा व्यावसायिक संघ कधी लाभला नाही हे खरे. पण ज्यांना ‘आपले’ म्हणता येईल असे दोन संघ एकामागोमाग नाहीसे झाले आणि त्याची साधी हळहळही या दोन जिल्ह्यांत ऐकू आली नाही.

एरवी फुटबॉलची चर्चा इथे कमी होते असे नाही. नांदेडच्या श्यामनगरात किंवा लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर उभे राहावे. रात्री साडेबाराला सुरू झालेला सामना पाहून डोळे तांबारलेली मुले मँचेस्टर युनायटेडचा ताळेबंद तोंडपाठ म्हणून दाखवतील. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २८ टक्के हिस्सा घेतला, मग शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, उरलेल्यांचे फुकटचे जेवणही बंद केले. एवढे करून संघ २०२४-२५ च्या हंगामात पंधरावा आला आणि युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमकडून हरला. कोण खेळाडू किती पगार घेतो, कुणाचा करार कधी संपतो, कुठल्या कोचला किती भरपाई देऊन काढले, सगळे पाठ. नीटच्या तयारीत हा वेळ वाया गेला असे पालक म्हणतील. आम्ही म्हणत नाही. गोल कुणी मारला याच्या पुढे जाऊन पैसा कुठून आला हे विचारणारा चाहता हा चांगलाच चाहता आहे. आमची तक्रार एवढीच की हा हिशेब मँचेस्टरपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तोच हिशेब हैदराबाद एफसीच्या गच्चीबावलीच्या मैदानाला लावून पाहायला हवा होता.

कारण हैदराबाद एफसीची कहाणी युनायटेडपेक्षा जास्त शिकवणारी आहे. पहिल्या हंगामात हा संघ तळाला होता. मग मानोलो मार्केझ हे स्पॅनिश कोच आले, त्यांनी महागड्या नावांऐवजी तरुण भारतीय खेळाडूंवर भर दिला आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डाच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून संघाने विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात तो गुणतक्त्यात दुसरा होता. आणि त्याच्या पुढच्या हंगामात? खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, थकीत रकमांच्या दाव्यांमुळे नवे खेळाडू घ्यायला फिफाची बंदी आली. संघ उतरला त्या हॉटेलच्या बिलावरून पोलिसांत तक्रार जाण्यापर्यंत वेळ आली. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत एकच विजय. विजेता संघ दोन वर्षांत असा कोसळला, तो मैदानावरच्या चुकीमुळे नव्हे. गोल रोखण्यात कच्चा असलेला संघ सुधारता येतो. पहिल्या तारखेला पगार न देणारा नाही. २०२४ मध्ये नवा उद्योगसमूह मालक झाला, एक हंगाम काढला आणि संघ उत्तरेला नेला.

या सगळ्या काळात हैदराबादच्या चाहत्यांना कुणी काही विचारले नाही, कारण विचारण्याची सोयच नव्हती. आयएसएलच्या क्लबचा सातबारा मालकाच्या नावे असतो. चाहता तिकीट काढतो, जर्सी घेतो, ढोल वाजवतो. वहिवाट त्याची, पण खात्यावर नोंद कुठेच नाही. एफसी पुणे सिटीचेही हेच. वाधवान समूहाचा पैसा, हृतिक रोशन सहमालक, इटलीच्या फिओरेंतिनाशी भागीदारी, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल. मालकांचे दिवस फिरले आणि बालेवाडीत नारंगी रंग मिरवणारी पोरे दुसऱ्या सकाळी बिनसंघाची झाली.

ज्या हैदराबादेतून हा संघ गेला, ती भारतीय फुटबॉलची एके काळची राजधानी होती. आपण तेव्हा त्याच हैदराबाद राज्याचे रहिवासी, म्हणून हा वारसा थोडा आपलाही आहे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. अजय देवगणच्या ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव नव्या पिढीला ठाऊक झाले. चित्रपटातून सहसा निसटते ती बाब पैशाची. त्या काळातला खेळाडू खात्याचा नोकर असे. पोलीस, रेल्वे, गिरण्या, बँका. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला; गुडघा गेला तरी नोकरी राहायची. त्या व्यवस्थेत झगमगाट नव्हता आणि खात्यांनी खेळाडूंची भरती कमी केली तशी ती आटली. तिच्या जागी फ्रँचायझी आली. झगमगाट आला, पगार कित्येक पटींनी वाढले, शाश्वती मात्र गेली.

महाराष्ट्राने या बाबतीत तर विक्रमच केला आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पिरामल समूहाचा पुणे एफसी आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामापुरता उगवला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये गेले. एकट्या पुण्याने पाच वर्षांत चार व्यावसायिक संघ गमावले. प्रत्येक वेळी कारण वेगळे सांगितले गेले, पण मुळाशी एकच गोष्ट होती. क्लबचा खर्च एका उद्योगपतीच्या खिशातून, आणि उत्पन्न जवळपास नाहीच. आयएसएलमध्ये काही हंगाम पगारखर्चालाच साडेसोळा कोटी रुपयांची मर्यादा होती. त्यावर प्रवास, मैदानभाडे, परदेशी कोच, फ्रँचायझीची फी. तिकीट आणि जर्सी विकून हा खड्डा भरत नाही. म्हणजे मालकाची हौस किंवा धंदा यांपैकी एक आटले की क्लबचा मृत्यू ठरलेला.

वरच्या मजल्यावर काय चालले होते तेही पाहावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांचे व्यावसायिक हक्क ७०० कोटींना दिले. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पंधरा वर्षे माहीत होते. तरीही जुलै २०२५ मध्ये लीग थांबवण्याची वेळ आली, क्लबांनी सराव बंद केला, काहींनी पगार रोखले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, निविदा निघाली आणि नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना लीग सुरू होणार असल्याची घोषणा करावी लागली. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने तोवर मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला होता. दीडशे कोटींच्या देशात पहिल्या दर्जाच्या फुटबॉल लीगला गिऱ्हाईक मिळू नये, याची लाज वाटायला हवी त्यांना ती वाटल्याचे दिसलेले नाही.

या पडझडीत एक गाव मात्र निवांत खेळत राहिले. कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. हे संघ कुठल्या उद्योगसमूहाच्या जाहिरात खर्चातून उभे राहिलेले नाहीत. ते पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवर दिलबहार आणि पाटाकडील समोरासमोर आले की दुकानांची शटर अर्ध्यावर येतात. वर्गणी, स्पर्धेची बक्षिसे, एखाद्या नेत्याची थैली यांवर हंगाम निघतो. सगळे आलबेल आहे असे नाही. मैदानातली आणि मैदानाबाहेरची हाणामारी पोलिसांची डोकेदुखी ठरली आहे, आणि नेत्याची थैली आली की नेताही येतो. तरीही एक गोष्ट तिथे अशक्य आहे. पाटाकडील तालीम कुणी उचलून दिल्लीला नेऊ शकत नाही. त्याच मातीतून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

मग मराठवाड्याने काय करावे? सभासदांचा क्लब ही कल्पना आपल्याला परकी नाही. लातूर-नांदेडच्या माणसाला भागधारक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ऊसवाल्या घरांत कारखान्याचा वार्षिक अहवाल येतो आणि सर्वसाधारण सभेची नोटीसही येते. बार्सिलोना असाच सुमारे दीड लाख सभासदांचा क्लब आहे. जर्मनीत मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहावा असा ‘५०+१’ नियम १९९८ पासून आहे. तिथल्या लीगने गुंतवणूकदार आणायचे ठरवताच प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने अडवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत रद्द करायला लावला. ग्लेझर आले त्याच वर्षी वैतागलेल्या चाहत्यांनी एक सभासद, एक मत या तत्त्वावर एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा नवा क्लब काढला. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो, पण २०१५ पासून त्याचे स्वतःचे मैदान आहे.

पण सभासदत्व हे औषध आहे असे आम्ही म्हणणार नाही. मराठवाड्यात बसून तसे म्हणायला फार धाडस लागेल. व्यासपीठावरून विषय वाचायचा, पुढच्या रांगांनी ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचे आणि मागच्यांनी जेवणाच्या मंडपाकडे वळायचे, ही आपली सर्वसाधारण सभा. सभासदांचे असूनही अवसायनात गेलेले कारखाने दाखवायला लांब जावे लागत नाही. सभासदांच्याच बार्सिलोनाचे कर्ज २०२१ मध्ये १३५ कोटी युरोंवर गेले आणि मेस्सीला निरोप द्यावा लागला. फरक पडतो तो इतकाच की तिथे अध्यक्षाला निवडणुकीत उत्तर द्यावे लागते आणि आकडे बाहेर येतात. हैदराबादच्या चाहत्याला आकडेही मिळाले नाहीत. पगार थकल्याचे त्याला खेळाडू गेल्यावर कळले.

आपल्याकडे पाया अगदीच नाही असे नाही. गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने नांदेडमध्ये होणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा स्थानिक मंडळी वर्षानुवर्षे स्वतःच्या बळावर भरवत आली आहेत. देशभरचे संघ इथे येतात. हॉकीत जे जमले ते फुटबॉलमध्ये का जमू नये? सरकारी उत्साहावर विसंबायचे तर अनुभव असा आहे की १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’च्या दिवशी राज्यभरच्या शाळांत फुटबॉल वाटले गेले, फोटो निघाले आणि पुढच्या वर्षी ते चेंडू कुठे आहेत हे कुणी विचारले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा ‘प्रोजेक्ट महादेवा’ या सरकारी फुटबॉल योजनेचा गाजावाजा झाला. निवडक मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, चांगले झाले. पण निवडलेली मुले परत गावी येऊन खेळणार कुणाविरुद्ध? जिल्ह्यात डिसेंबर ते मार्च चालणारी, ठरल्या तारखांची, आठ-दहा संघांची लीग असल्याशिवाय चाचणीतून सापडलेला मुलगा चाचणीपुरताच राहतो.

अशी लीग उभी करायला कोट्यवधी लागत नाहीत. क्रीडा संकुलाचे मैदान लग्नसमारंभ आणि प्रदर्शनांना देण्याऐवजी हिवाळ्यात खेळाला मिळाले पाहिजे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या हातात आहे. प्रत्येक क्लब नोंदणीकृत संस्था असावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणारे हिशेबपत्रक मैदानाच्या फाटकावरही लावावे. महासंघानेही परवाना देताना हंगामभराच्या पगाराइतकी बँक हमी आधी घ्यावी, आणि शहर बदलायचे असेल तर निदान एक हंगाम आधी जाहीर नोटीस सक्तीची करावी. हैदराबादमध्ये या दोन अटी असत्या तर संघ वाचला असता की नाही हे सांगता येत नाही. खेळाडूंचे पगार मात्र वाचले असते.

आयएसएलची नवी घडी बसेल तेव्हा छोट्या शहरांना संघ देण्याच्या गोष्टी पुन्हा निघतील. उद्या कुणी नांदेडचे किंवा लातूरचे नाव लावून संघ घेऊन आला, तर टपरीवरच्या त्या मुलांनी जर्सीचा रंग आणि पहिला परदेशी स्ट्रायकर हे विषय थोडे मागे ठेवावेत. मँचेस्टरला लावतात तीच कसोटी लावावी: कर्ज कुणाच्या नावावर आहे, पगाराची हमी कुठल्या बँकेत आहे, आणि संघ दुसऱ्या गावी न्यायचा झाला तर कागदावर कुणाकुणाची सही लागणार आहे.