नमाज हा व्यायाम नाही

या आठवड्यात मोबाइलवर पुन्हा तोच व्हिडिओ फिरतोय : पाच वेळची नमाज पढा, वेगळ्या व्यायामाची गरजच नाही. मला हे ना दीनच्या बाजूने पटत, ना तब्येतीच्या.

साधा हिशोब करू. फजरच्या २, जोहरच्या ४, असरच्या ४, मगरिबच्या ३ आणि इशाच्या ४, अशा दिवसाच्या १७ फर्ज रकाती. म्हणजे १७ रुकू आणि ३४ सजदे. तेही सावकाश, कारण नमाजमध्ये घाई चालत नाही. सुन्नत, वित्र, नफिल धरल्या तर आकडा तिपटीच्या आसपास जाईल. गंगावेस तालमीतला पोरगा एका दमात याहून जास्त बैठका मारतो. सजद्याने सांधे मोकळे राहतात, हे खरं. पण दम लागत नाही, घाम येत नाही. आणि दीनचं म्हणाल, तर सगळा खेळ नियतचा. वजन उतरावं म्हणून जो झुकला, तो नेमका कुणापुढे झुकला?

शरीर ही अमानत आहे, ती वेगळी सांभाळावी लागते. हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज पडू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०६ मध्ये इथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान. मुसलमान पोरांनी शिकावंही आणि लाल मातीत उतरावंही, दोन्ही एकाच राजाच्या काळात, एकाच गावात. बाबूजमाल तालमीत तर पंजाही बसतो आणि गणपतीही.

पण तालीम पुरुषांची. आमचं काय? माझ्या वयाच्या कितीतरी बायका शाळेच्या गेटवर गुडघे धरून उभ्या असतात. चालायला जा म्हटलं की उत्तर ठरलेलं : वेळ नाही, लोक काय म्हणतील, आणि आता शेवटी ‘नमाज पढतोच की!’ तो व्हिडिओ मला खटकतो तो इथे. घराबाहेर न पडायला अजून एक कारण मिळालं, तेही धर्माच्या नावाचं. हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी पैगंबर (सल्ल.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याचा प्रसंग अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात आहे. तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

जमातींना माझी एक विनंती आहे. मदरशाचं अंगण किंवा शादीखान्याचा हॉल सकाळी फजरनंतर तासभर बायकांसाठी मोकळा ठेवा. सतरंजी आम्ही आणू. खर्च काही नाही, फक्त किल्ली कुणाकडे राहणार एवढंच ठरवायचं आहे.

तोवर रंकाळा आहेच. बुरख्यात, पायात कॅनव्हासचे बूट घालून मी रोज एक फेरी मारते. बघणारे चार दिवस बघतात, पाचव्या दिवशी सलाम करतात.

जाता जाता एक कामाची गोष्ट. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. उर्दूतही जमतं, भाषा तेवढी बदलून घ्यायची. विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात आणि आमची मराठी-उर्दू मिसळ त्याला नीट झेपत नाही. ‘रुकू’चं हमखास ‘रुको’ होतं. तरी हा लेख निम्म्याहून जास्त चालतानाच बोलून लिहिलाय.