चेन काढा, पण सुकाणूचा दांडा विकू नका



मासेमारी बंदीचे ६१ दिवस चालू आहेत. जेटीवर जाल तिथे काम दिसतं. कुणी रंग खरवडतोय, कुणी इंजिन खोलून बसलाय. यंदा आणखी एक गोष्ट दिसते. बऱ्याच ट्रॉलरवर चक्रापासून सुकाणूपर्यंत जाणारी जुनी चेन आणि सळ्या काढून हायड्रॉलिक स्टीअरिंग बसवतायत. आम्ही याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या सकाळी ऑफिसात भांडायला गर्दी होईल.

चेनचे हाल आपण सगळ्यांनी बघितलेत. खाऱ्या पाण्याने गंजते, ढिली पडते, कप्पीतून उतरते. मागून लाट सुकाणूवर आदळली की चक्र उलटं फिरतं आणि तांडेलाच्या मनगटावर बसतं. हायड्रॉलिकमध्ये लॉक व्हॉल्व्ह असला की हा धक्का हातापर्यंत येत नाही. रात्रभर चक्र धरणाऱ्या माणसाला हा मोठा आराम आहे.

मग तक्रार कसली? गेल्या हंगामातली गोष्ट ऐका. आमच्याच एका सभासदाची बोट पहाटे परत येत होती. आग्वादच्या तोंडावर, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात त्या जागेजवळ, तेलाचा पाइप फुटला. एक्झॉस्टला घासत होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेल सगळं खाली बोटीच्या तळात. चक्र नुसतं गरगर फिरायला लागलं. दांडा आणा म्हटलं, तर दांडाच नाही. चेनीबरोबर तोही भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलेला. आणि असता तरी चढवणार कुठे? सुकाणूच्या शाफ्टच्या चौकोनी डोक्यावर जाळी ठेवायचा खोका ठोकलेला. नांगर दुसऱ्या वेळी धरला आणि मागच्या बोटीने दोर टाकला, म्हणून सात माणसं घरी आली.

त्या दिवसापासून जेटीवर लोक म्हणतात, "हायड्रॉलिक वाईट." आमचं म्हणणं तसं नाही. पाइप कधीतरी फुटणारच, चेनही तुटायचीच. चेन तुटली की दोन मिनिटांत दांडा चढायचा, कारण तो हाताशी असायचा. आपण नवीन वस्तू घेतली आणि जुनी सवय टाकली, चूक तिथे झाली.

बसवणारे फिटर बहुतेक ट्रॅक्टरवर आणि खोदकामाच्या मशीनवर काम करणारे आहेत. हाताला कसबी आहेत, पण त्यांचा हिशेब जमिनीचा. ट्रॅक्टरचं ऑर्बिट्रोल इंजिनवरच्या पंपाने चालतं. इंजिन बंद पडलं तर चक्र हाताने फिरतं, पण फार जड. ट्रॅक्टर ब्रेक मारून उभा राहतो. आपल्याला दुसरी बोट ओढून आणत असली तरी सुकाणू लागतंच.

सिलेंडर घेतानाही बघा. खोदकामाच्या मशीनचा जुना सिलेंडर स्वस्त मिळतो, पण त्याचा रॉड एकाच बाजूने बाहेर येतो. समजा आतला व्यास ५० मिमी, रॉड २५ मिमी आणि चाल २०० मिमी. चक्राखालचा पंप एका फेऱ्याला ४० सीसी तेल ढकलत असेल, तर एका बाजूला जायला सुमारे साडेसात फेरे लागतात आणि परत यायला जवळजवळ दहा. अंधारात, लाटेत, तांडेलाने हे मोजत बसायचं का? रॉड दोन्ही बाजूंनी येणारा सिलेंडर घ्या. दोन्हीकडे फेरे सारखे लागतात. सुकाणूला दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंशांवर लोखंडी अडकण पाहिजे, नाहीतर सगळा मार सिलेंडरच्या टोकावर बसतो.

तेल कंपनीच्या कागदावर लिहिलेलंच घाला. हाताने चालणाऱ्या स्टीअरिंगला सहसा पातळ तेल लागतं, विंचचं जाड तेल चालत नाही. ब्रेक ऑइल तर अजिबात नको, सील फुगून खराब होतात. भरताना सिलेंडरचे निपल उघडून चक्र हळूहळू फिरवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. चक्र स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. तेल दुधासारखं झालं तर पाणी शिरलंय.

आणि सर्वात महत्त्वाचं, बायपास व्हॉल्व्ह. दोन पाइपांच्या मध्ये बसणारी ही छोटीशी चावी. पाइप शाबूत आहेत पण चक्र बिघडलं, अशा वेळी लॉक व्हॉल्व्ह सुकाणू धरून ठेवतो. चावी उघडल्याशिवाय चार जणांनी दांड्याला जोर लावला तरी ते हलत नाही. बरेच जण पैसे वाचवायला ही चावीच वगळतात.

जुन्या तांडेलांना एक सांगणं. चेनच्या चक्रावर मधल्या आऱ्याला दोरी बांधून "सुकाणू सरळ" ही खूण ठेवायची आपली पद्धत. हायड्रॉलिकमध्ये ती खूण हळूहळू सरकते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. सुकाणूचा कोन दाखवणारा काटा बसवून घ्या.

आमची सूचना अशी. १ ऑगस्टच्या आधी हायड्रॉलिकवाल्या प्रत्येक बोटीने जेटीला बांधलेल्या अवस्थेतच एकदा करून दाखवावं: चक्र सोडायचं, चावी उघडायची, दांडा चढवायचा, सुकाणू दोन्हीकडे फिरवायचं. मालकाने नव्हे, खलाशांनी. आपले खलाशी ओडिशा, झारखंडचे, हंगामागणिक बदलतात. त्यांना हिंदीत समजावून सांगा. ज्यांनी केलं त्या बोटींची नावं संस्थेच्या फळ्यावर लावावीत, असं आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.

काही जण म्हणतील, तपासायला सरकारी माणसं आहेत, संस्थेला काय पडलंय? दोर टाकायला त्या पहाटे आपलीच बोट होती.

घरच्या बायकांनीही नवऱ्याला, मुलाला एकदा विचारावं, "दांडा कुठे ठेवलाय?" उत्तर लगेच आलं नाही तर पहिल्या फेरीला जाऊ देऊ नका.

समितीच्या वतीने,
सचिव