हाताला कळते ते

अमरगोळच्या बाजार आवारात कापसाचा भाव बोलण्याआधी व्यापारी ढिगात हात खुपसतो. वरचा कापूस कोरडा असायचाच. हात जातो तो आत. वजन वाढावे म्हणून कुणी पाणी मारले असेल तर ती लबाडी प्रथम बोटांना कळते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत या बोटांविषयी एक ओळही नाही!

ख्रिस्ती नीतिशास्त्रातही खरेपणाची चर्चा बहुधा वचन आणि सदसद्विवेकबुद्धी यांच्यापुरतीच होते. शरीर म्हणजे मोहाचे घर, असे मानण्याची सवयच पडली आहे. मला हे पटत नाही. शंकेखोर थोमाला येशूने झिडकारले नाही, जखमांना हात लावायला बोलाविले. (त्याने हात लावला की नाही, हे मात्र योहानाने लिहिलेले नाही.)

जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. जन्म आपल्याच कर्नाटकातला, गंगामूळचा, १८५८ सालचा. १८७४ मध्ये दुष्काळातल्या भटकंतीत आईवडील गेले. भूक त्यांनी स्वतःच्या पोटाने ओळखली होती. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना आपल्याकडे घेऊन आल्या. नुसत्या बातम्या वाचून कुणी इतके केले असते काय?

१९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेच्या वेळी मुलींच्या अंगाची आग होऊ लागली. एकजण तर पाण्याची बादली आणायला धावली! काही मिशनऱ्यांना हा अतिरेक वाटला. रमाबाईंनी तो बंद पाडला नाही. इथे मी जरा अडखळतो. अंगाची आग हीच सत्याची खूण मानली, तर अंगात येणाऱ्या प्रत्येकाला खरे म्हणावे लागेल. पावसाळी हवेत चांगला कापूसही हाताला ओलसर लागतो. पण त्या मुलींनी रडत आपले अपराध कबूल केले, पुढे टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत गेल्या. रमाबाईंनी हे पाहिले असणार. शरीर वर्दी देते. निवाडा मागाहून, वागण्यावरून होतो.

वर्दीही आपण किती ऐकतो, हा प्रश्नच आहे. गेल्या वर्षी एका अडत दुकानात हिशेब लिहायला बसत होतो. वजनाची एक नोंद बदलून लिहायला सांगितली. लिहिताना कान तापले, पेन घामाने निसटू लागले. मी ते उकाड्यावर ढकलले आणि नोंद पुरी केली. महिना डिसेंबरचा होता.