बेदाण्यावरचा खोटा आळ

हिस्टामिन सोसत नाही असं कळलं की रुग्णाच्या हाती वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी पडते. तीत बेदाणे, जर्दाळू, अंजीर सरसकट कोंबलेले असतात. कारण सांगतात ते असं, की पदार्थ जितका जुना तितकं त्यात हिस्टामिन जास्त. सुकं फळ महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून ते घातक.

हा तर्कच चुकीचा आहे. हिस्टामिन नुसतं दिवस उलटल्यानं तयार होत नाही. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून जीवाणू ते बनवतात, आणि त्यासाठी प्रथिनं हवीत, ओलावा हवा. म्हणून बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात ते साठतं, मग तो कितीही शिजवा. मुरवलेल्या चीजचंही तेच. द्राक्षात प्रथिनं नाममात्र, आणि बेदाण्यात पाणी इतकं कमी की जीवाणूंची वाढच खुंटते. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, म्हणजे असेल ते चौपट दाटतं, हे खरं. पण नगण्याची चौपट ती किती?

मग खाल्ल्यावर छाती भरते, धाप लागते, ते खोटं का? मुळीच नाही. सांगली-तासगावकडे बेदाण्याचा पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तुर्कस्तानातल्या मालात्याचे केशरी जर्दाळूही सल्फर डायऑक्साइडमुळेच तसे राहतात. धुरी न दिलेले तपकिरी पडतात. युरोपात सुक्या जर्दाळूत याची कमाल मर्यादा किलोला २००० मिलिग्रॅम आहे. दम्याच्या काही रुग्णांना या धुरीतून फळात उतरणारं सल्फाइटच बाधतं. पोट फुगण्याचं कारण आणखी निराळं असू शकतं: सुक्या आलुबुखारातलं सॉर्बिटॉल.

तेव्हा यादीपेक्षा पाकीट वाचावं. घटकांच्या यादीत २२० ते २२८ यांतला क्रमांक दिसला तर त्यात सल्फाइट आहे. सुट्या मालाला लेबल नसतं. तिथे काळा बेदाणा आणि तपकिरी जर्दाळू निवडणं त्यातल्या त्यात बरं, जरी रंग हा पक्का पुरावा नव्हे.

रक्ततपासणीनंही हिस्टामिनचा त्रास सिद्ध होत नाही. जर्मन ॲलर्जीतज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शिकेनं तसं स्पष्ट म्हटलं आहे. काही दिवस पथ्य, मग आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं एकेक पदार्थ थोडाथोडा परत आणून नोंद ठेवणं, हाच भरवशाचा मार्ग. आधीच दूध-दही, टोमॅटो, वांगी सोडून बसलेल्या माणसाचं ताट पुराव्याविना आणखी रिकामं करणं हा अन्याय आहे. मात्र ज्याला दमा आहे किंवा सुकं फळ खाऊन पूर्वी श्वास अडला आहे, त्यानं हा प्रयोग घरी करू नये; डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.