यात्रेतील पाळणे आणि आपली जबाबदारी



गळिताची धांदल ओसरली, टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या, की आपल्या कार्यक्षेत्रात यात्रा-जत्रांचे दिवस सुरू होतात. एका गावची पालखी उतरते न उतरते तोच शेजारच्या गावची काठी उभी राहते. पाहुणेरावळे येतात, कुस्त्यांचा फड भरतो, तमाशाचा तंबू लागतो आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दोन दिवसांत पाळणे उभे राहतात. पूर्वी चार माणसे हाताने फिरवीत असा लाकडी पाळणा असे. आता आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगनची गाडी, माणसे भरून झोके घेणारी नौका अशी एकाहून एक यंत्रे येतात. पोरे हट्ट धरतात, आपण पैसे काढून देतो.

कारखान्याच्या वार्तापत्रात पाळण्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. यात्रा कमिटीत बसणारे बहुतेक आपले सभासद. पाळण्याला रान देणारेही सभासदच. आणि त्यात बसणारी लेकरे तुमची-आमची. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

आपल्या भागातील माणूस संकटात धावून जातो, याबद्दल आम्हांस कधीच शंका वाटलेली नाही. उसाची ट्रॉली ओढ्यात कलंडली, गाडीचा बैल जुवाखाली पडला, की रस्त्याने जाणारा येणारा सायकल टाकून खांदा लावतो. जात-पात, पार्टी-पक्ष कोणी विचारीत नाही. हा गुण केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी म्हणून गाव आहे. आपल्याकडे जसा ऊस तशी तिकडे चेरी. आणि त्या पिकाच्या नावाने १९२० च्या दशकापासून तेथे मोठी जत्रा भरते. ८ जुलै २०२१ च्या रात्री त्या जत्रेत 'मॅजिक कार्पेट' नावाचा पाळणा चालू होता. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीचा हा पाळणा. माणसांची आख्खी रांग उचलून वरखाली गोल फिरवणारा. माणसे वर असतानाच त्याचा पायथा डुलू लागला, एका अंगाने उचलू लागला. बघ्यांपैकी एक जण पुढे धावला आणि कठड्याला धरून त्याने अंगाचा भार टाकला. पाठोपाठ आणखी माणसे धावली. लोंबकळून, दाबून त्यांनी तो पायथा धरून ठेवला. पाळणा थांबला, माणसे सुखरूप उतरली, कोणासही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते यंत्र सोडवून तेथून हलवण्यात आले.

त्या माणसांना आमचा रामराम. पण जरा विचार करून पाहा. यंत्र उलथलेच असते तर पहिली चिरडली असती ती हीच माणसे. दहा-वीस माणसांच्या वजनावर ज्या यंत्राचा तोल सांभाळावा लागतो, ते यंत्र त्या रात्री सुरूच व्हायला नको होते. धावून जाण्याची वेळ येते तेव्हा अगोदर कोणीतरी विचारायचे ते विचारलेले नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की धावून जाण्याची आपली ही वृत्ती यात्रेच्या आदल्या दिवशी कामाला यावी. तेव्हा ती फुकट पडत नाही आणि त्यात कोणाचा जीवही धोक्यात जात नाही.

आदल्या दिवशी काय पाहायचे, हे कळायला इंजिनिअरच व्हावे लागते असे नाही. फिरत्या पाळण्याचा मुख्य धोका त्याच्या फिरण्यातच आहे. मोठ्या शहरातील बागेत पाळणा एकदा काँक्रीटमध्ये बसवला की बसवला. यात्रेतला पाळणा आठवड्याला सोडवायचा, ट्रकवर चढवायचा, पुढच्या गावी पुन्हा जोडायचा. शंभर पिना काढायच्या, शंभर घालायच्या. त्यातली एक हरवली तर? ट्रॅक्टरच्या हुकाची पिन हरवल्यावर आपण काय करतो ते आठवा. खिळा वाकवून घालतो, नाहीतर तारेचा पीळ देतो, 'कारखान्यापर्यंत तर जाऊ दे' म्हणतो. पाळणेवालाही माणूसच आहे, त्यालाही घाई असते. म्हणून जोडाच्या प्रत्येक पिनीला तिची टाचणी आहे का, की तार गुंडाळली आहे, एवढे कोणत्याही शेतकऱ्याला उभ्या उभ्या दिसते.

दुसरी गोष्ट जमिनीची. इथे आपण कोणत्याही शहरी तज्ज्ञापेक्षा जास्त जाणतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी लागते, पण एक वळवाचा पाऊस पडू द्या, तीच लोण्यासारखी होते. पाळण्याचे पाय लाकडी ठोकळ्यांवर उभे असतात. सकाळी साधणीत असलेला पाय संध्याकाळच्या वळवानंतर बोटभर खचला तर खाली बोटभरच दिसते, पण वर पन्नास फुटांवर तो कल कितीतरी मोठा होतो. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा साधणी न घेता पाळणा सुरू करू देऊ नये. त्या दिवशी धंदा बुडाला तरी चालेल. रान ज्याचे आहे त्या सभासदाने हे ठामपणे सांगावे. जमीन त्याची, तिची खोड त्याला ठाऊक.

मात्र डोळ्यांना दिसते तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही. २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतच, ओहायो राज्याच्या जत्रेत पहिल्याच दिवशी 'फायर बॉल' नावाच्या पाळण्याचा बसण्याचा भाग चालू फेरीत तुटून उडाला. अठरा वर्षांचा एक मुलगा गेला, सात जण जखमी झाले. सरकारी निरीक्षकांनी तो पाळणा तपासून चालवायला परवानगी दिली होती! पुढे बनवणाऱ्या कंपनीने कारण सांगितले: आधाराची पोकळ तुळई आतून गंजत गेली होती आणि तिच्या पत्र्याची जाडी धोकादायक इतकी कमी झाली होती. यंत्र अठरा वर्षांचे होते. वरून रंग झकास आणि आतून गंज. त्यानंतर २०१९ मध्ये त्या राज्याने तपासणीचा कायदा कडक केला. आपल्या देशातही, १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावावरील बागेत लोलकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला. तो फिरता पाळणाही नव्हता, कायमचा बसवलेला होता.

कारखान्याशी नाते असलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये. आपल्या बॉयलरच्या नळ्यांचे वय काय, जाडी किती उरली, हे यंत्र लावून मोजले जाते. बॉयलरचा कायदा १९२३ पासून आहे; तो जाऊन २०२५ चा नवा आला, तरी निरीक्षकाच्या दाखल्यावाचून बॉयलर पेटत नाही. 'गेल्या हंगामात तर नीट चालला' हे कारण तेथे कोणी ऐकून घेत नाही. मग ज्या यंत्रात आपण आपली नातवंडे बसवतो त्याला 'मागच्या यात्रेला आला होता की हाच' एवढ्यावर कसे सोडायचे? पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक २००४ पासून आहे. यंत्र केव्हा बनवले, वेल्डिंग व जाडी शेवटची कोणी व केव्हा तपासली, याचा कागद मालकाकडे मागावा. कागद नसेल तर पाळणा नाही.

असे कोणी म्हटले की लगेच उत्तर येते, 'मग पाळणाच येणार नाही, यात्रेला शोभा नाही.' या बोलण्यात थोडे तथ्य आहे. पाळणेवाले हे काही धनदांडगे लोक नव्हेत. बायकापोरांसह ट्रकमागे फिरणारी, पाळण्याखालीच झोपणारी माणसे ती. परंतु त्यांच्यावर घाई कोण लादतो? जागेचा लिलाव करून जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला रान देणारी कमिटी, म्हणजे आपणच. एवढे भाडे भरल्यावर तो चारच्या पाळण्यात सहा बसवणार, फेऱ्या वाढवणार, रात्री दोनपर्यंत चालवणार, आणि दिवसभर चाक फिरवून पेंगुळलेले पोरच ब्रेकवर ठेवणार. भाडे थोडे कमी घ्या आणि अटी जास्त घाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. देवाच्या तिजोरीत चार पैसे कमी पडले म्हणून देव रागावणार नाही.

आता इतके करूनही काही घडलेच तर. ४ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट: पंजाबात मोहालीच्या मेळ्यात उंच मनोऱ्यावर चढून खाली येणारा पाळणा सुमारे पन्नास फुटांवरून थेट आदळला. दहाहून अधिक लोक जखमी झाले. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत जे कोणी हाताशी असते ते गावकरीच. म्हणून काय करावे आणि काय करू नये, हे आधीच माहीत असलेले बरे.

यंत्र बिघडले की पहिले काम जनरेटर बंद करणे. म्हणजे जनरेटर कोठे आहे आणि त्याची कळ कोणती, हे कमिटीच्या दोघा-तिघांना आधीच ठाऊक पाहिजे. उघडी केबल पडलेली असेल तर वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत लोखंडाला हात लावू नये; वाचवायला गेलेलाच चिकटायचा. आकाशपाळणा अडकला तर खालच्या खालच्या पाळण्यांतून भराभर माणसे उतरवण्याची घाई करतात. ती घातक ठरू शकते. त्या चाकाचा तोल समोरासमोरच्या वजनावर असतो. एक बाजू रिकामी झाली की ब्रेक सुटताच जड बाजू झपकन खाली येते. चालकाला ते ठाऊक असते, त्याला त्याचे काम करू द्यावे आणि गर्दी मागे हटवावी. केस किंवा पदर चाकात अडकला असेल तर ओढू नये, यंत्र थांबवून कापावा. कात्री कमिटीच्या मांडवात असावी.

उंचावरून पडलेल्याला 'उठून बसव, पाणी पाज' हा आपला पहिला उद्योग. प्रेमापोटीच करतो, पण पाठीचा किंवा मानेचा मणका दुखावला असेल तर तेवढ्यानेच माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. जिथे आहे तिथेच स्थिर ठेवावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे आणि १०८ ला फोन लावावा. ती सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, परंतु गाडी पाळण्यापर्यंत पोहोचायला वाट पाहिजे. यात्रेत नेमक्या त्याच वाटेवर भेळेच्या गाड्या आणि मोटारसायकली उभ्या असतात. एक वाट दोर लावून मोकळी ठेवणे हे चार स्वयंसेवकांचे काम आहे. त्याला खर्च शून्य.

पुष्कळ लोक मदतीला कचरतात ते पोलीस-कोर्टाच्या भीतीने. ती भीती आता बरीचशी निराधार आहे. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरला ते बंधनकारक आहे. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून संरक्षण दिले. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात आपल्याकडे होतात, तेव्हा हे कलम आपल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ पाहिजे. हे कलम फक्त मोटार अपघातापुरते आहे, पाळण्याच्या अपघाताला लागू नाही. मात्र सद्भावनेने, दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. आमच्या मते यात्रा-मेळ्यातील मदतनीसालाही १३४-अ सारखे स्पष्ट संरक्षण मिळायला हवे, आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ते मागावे.

एक सूचना संचालक मंडळापुढे ठेवतो. यात्रांचे दिवस आणि आपल्या वर्कशॉपमधील ओव्हरहॉलिंगचे दिवस एकच असतात. जोड, वेल्डिंग, बेअरिंग आणि केबल यांची पारख असलेली माणसे आपल्या पगारावर आहेत. कार्यक्षेत्रातील ज्या गावची यात्रा कमिटी लेखी मागणी करील, तिला यात्रेच्या आदल्या दिवशी एक फिटर आणि एक वायरमन अर्धा दिवस द्यावा. त्यांनी दाखला द्यायचा नाही, तो ज्याचा अधिकार त्यानेच द्यावा. त्यांनी फक्त कमिटीबरोबर पाळण्याभोवती फिरावे, पिना, ठोकळे, केबल पाहाव्यात आणि खटकले ते बोलावे. जाण्या-येण्याचा खर्च कमिटीने सोसावा. ज्या गावांच्या यात्रा अक्षय्य तृतीयेच्या आसपास आहेत त्यांनी आपली मागणी शेतकी गट कार्यालयात आत्ताच नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढच्या बैठकीत मंडळाला आकडा समोर ठेवून निर्णय घेता येईल.